पितळी घंगाळ आणि माझी वकिली

पंचवीस वर्षं झाली, रायपूरच्या कोर्टात मी फौजदारी केसेस लढवून राहिलो. आरोपीचा बचाव कसा करावा, हे कोणाले शिकायचं असेल तर त्यानं खुशाल माझ्याकडं यावं. पक्षकार जितका कमी बोलेल तितका लवकर सुटते, हा माझा अनुभव. म्हणून आरोपीच्या बयानाच्या आधी मी त्याच्याकडून दोनच शब्द पाठ करून घेतो: गलत है.

हिरालाल गोल बाजारातल्या भांड्याच्या दुकानात हमाल होता, बोली अस्सल छत्तीसगढी. मालकाच्या घरचं पितळी घंगाळ त्यानं चोरलं, असा आरोप. घंगाळ सापडलं नव्हतं, पण ते डोक्यावर घेऊन जाताना शेजाऱ्यानं त्याले पाहिलं होतं. शिक्षा झाली असती तर घरी बायको आणि दोन पोट्ट्या उपाशी मेल्या असत्या. बिचारा दर तारखेला कसला तरी कागद माझ्यापुढं धरायचा.

"रख ले भैया," मी म्हणायचो. "तू बस वो दो शब्द याद कर."

आणि पठ्ठ्यानं केले ना याद!

"पड़ोसी ने तुम्हें घंगाळ ले जाते देखा?" जजसाहेबांनी विचारलं.

"गलत हे, साहेब."

मी मागं वळून ज्युनियर चेतनाकडं ऐटीत पाहिलं.

"तुम्हारा नाम हिरालाल है?"

"गलत हे."

चेतनानं फायलीत तोंड लपवलं.

"ये तुम्हारे वकील हैं?"

"गलत हे."

"मतलब, तुम निर्दोष हो?"

"गलत हे, साहेब."

माझ्या कोटाच्या आत घामाच्या धारा लागल्या. जजसाहेबांनी चष्मा काढला आणि त्याले म्हणाले, "डरो मत. अपने मन से बोलो."

हिरालालनं बंडीतून तो कागद काढला. जजसाहेबांनी उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडं दिला. "मराठी में है, वकील साहब. पढ़िए."

मी भर कोर्टात वाचलं: "प्रमोदिनी, हिरालालच्या हाती पाठवलेलं घंगाळ मिळालं. तुझ्या सासूले कळू देऊ नको. तुझी ताई, मंदाकिनी."

प्रमोदिनी म्हणजे मालकीणबाई. हिरालाल चिठ्ठी घेऊन परत येत होता, तेवढ्यात पोलिसांनी त्याले धरलं, आणि सासूच्या धाकानं बाई गप्प बसल्या.

"ये आपने पहले नहीं देखा?" जजसाहेबांनी मले विचारलं.

माझ्या आधी हिरालालच बोलला. "वकील साहेब ला तीन बेर देखायेंव, साहेब. कहिन, रख ले."

पुढच्या तारखेला बाईंनी खाली मान घालून सगळं कबूल केलं, आणि हिरालाल सुटला. मी बाहेर आलो तर तो पेढ्यांचा डबा घेऊन उभा. खरं सांगतो, डोळे भरून आले माझे.

"जज साहेब बर लाय रहेंव," तो म्हणाला. म्हणजे पेढे जजसाहेबांसाठी होते. "चपरासी ह वापस कर दिस. अब आपे खा लव."

खाल्ले. काहून नाही म्हणायचं?