कॅरियरवर बसा आणि बोला

सायकल घ्यायची तर ती चालवून बघू नये, तिच्या कॅरियरवर बसून बोलून बघावं, असं मानणारा माणूस जगात एकच असेल आणि तो आमच्या खाली राहतो.

कतारमधल्या अल अझीझिया भागात, आमच्या कंपाऊंडमध्ये तळमजल्यावर निकमांचं बिऱ्हाड आहे. बिऱ्हाड म्हणजे निकम, एक कुकर आणि एक रेडिओ. माणूस नाशिकचा, एका गॅस कंपनीत व्हॉल्व्हच्या मेंटेनन्सला. बायको नाशिकला, मुलगा बंगळुरूला. आमच्या भाषेत असल्या माणसाला 'फॅमिलीवाला बॅचलर' म्हणतात. निकमांचं डोकं तसं ताळ्यावर असतं, फक्त सायकल दिसली की ते बिघडतं.

कतारमध्ये थंडी पडली की आम्हा मराठी मंडळींना सायकलीचा ताप चढतो. शुक्रवारी पहाटे दुखानच्या रस्त्यावर हेल्मेट घालून जायचं आणि दिवसभर त्याचे फोटो ग्रुपवर टाकायचे. त्या ग्रुपमध्ये सायकलीची किंमत जो तो आपल्या परीने ठरवतो. आमचे कुलकर्णी सायकल एका बोटावर उचलतात. जितकी हलकी तितकी ती त्यांना मोलाची वाटते, मग भले स्वतःचं वजन काहीही असो. देशपांडे फक्त गिअर मोजतात. माझी बायको बघते की ही गॅलरीत पडून राहिली तर हिच्यावर किती टॉवेल वाळतील. तिची पद्धत मला अनुभवावर आधारलेली वाटते.

यंदा डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं आणि सायकल घेणं भाग पडलं. निकम म्हणाले, "एकटे जाऊ नका, फसवतील. मी येतो. यल्ला, चला!"

पहिल्यांदा मॉलमधल्या झगमगीत दुकानात गेलो. सेल्समनने एक काळी, सडपातळ सायकल पुढे केली. किंमत ऐकून मी तिच्यावरचा हात काढून घेतला. निकमांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"कॅरियर किधर है?"

"सर, ये रेसिंग बाइक है. कार्बन फ्रेम."

"वो ठीक है. पीछे कौन बैठेगा?"

"पीछे कोई नहीं बैठता, सर."

निकमांनी त्याच्याकडे फार दयेने पाहिलं. "अकेले जाने का इतना पैसा?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चला. फुकट दिली तरी महाग."

'फुकट दिली तरी महाग' हा निकमांचा ठरलेला निकाल. त्यावर अपील नाही. त्या दिवशी आणखी दोन दुकानांचा निकाल असाच लागला.

शेवटी एशियन टाउनच्या बाजूला एका जुन्या सायकलींच्या दुकानात शिरलो. तिथे मात्र कॅरियरवाल्या दणकट सायकली भिंतीला टेकून उभ्या होत्या. निकमांचा चेहरा उजळला. त्यांनी एक सायकल बाहेर काढली, सीटवर बसले आणि मला म्हणाले, "बसा मागे."

"मी?"

"मग काय मालकाला बसवू? बसा आणि बोला."

"काय बोलू?"

"घरातलं काहीही. डाळ संपली म्हणा. पण हळू. ओरडायचं नाही."

शुक्रवारची संध्याकाळ होती, सुट्टीमुळे रस्ता माणसांनी फुललेला होता. अशा गर्दीत मी, एक सीनियर मॅनेजर, निकमांच्या कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसलो आणि त्यांच्या पाठीशी कुजबुजलो, "डाळ संपली."

"नाही ऐकू आलं. मडगार्ड बोलतंय. फुकट दिली तरी महाग. दुसरी!"

दुसरीवर मी म्हणालो, "उद्या पाहुणे येणार आहेत." साखळीने माझ्यावर कडी केली. तिसरीवर "गॅस संपत आलाय" म्हणेपर्यंत भोवती चांगलीच गर्दी जमली होती. त्यातून एक सातारी आवाज आला, "आवो काका, त्यान्ला उतरवा की! टायर बसलं!"

मी घामाघूम झालो होतो. तेवढ्यात निकमांना कोपऱ्यात एक हिरवी सायकल दिसली. रंग उडालेला, घंटी वाकडी. मी मुकाट्याने मागे बसलो. आता बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून जे मनात होतं तेच पुटपुटलो, "निकम, मला घरी जायचंय."

निकमांनी करकचून ब्रेक दाबला. "ऐकू आलं! अक्षर न् अक्षर ऐकू आलं! हिची साखळी मध्ये बोलत नाही. हिला म्हणतात पैसे वसूल!"

सायकल कशीबशी डिकीत कोंबून आम्ही निघालो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी जरा चिडूनच विचारलं, "निकम, मला व्यायामाला सायकल हवीय. माझ्या मागे बसून बोलणार कोण?"

निकमांनी मागे वळून डिकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "खरं सांगू? ही मला हवीय. पुढच्या आठवड्यात शैला येतेय."

मग एकेक सांगू लागले. लग्न झालं तेव्हा नाशिकच्या दोन खोल्यांत आई, वडील, काका, दोन बहिणी. नवराबायकोने बोलायचं कुठे? संध्याकाळी भाजी आणायच्या निमित्ताने शैलावहिनी कॅरियरवर बसायच्या आणि दिवसभराचं सगळं बोलून घ्यायच्या. "समोरासमोर ती कधी बोललीच नाही हो. लाजते. पाठीशी मात्र सगळं बोलायची. मूल होणार हे मला पाठीला कळलं. इकडची नोकरी आली तेव्हा मी घोळ घालत होतो. गंगापूर रोडवर मागून म्हणाली, जा तुम्ही, इकडचं मी बघते."

"आणि आता?"

"आता फोन. जेवलात ना? तब्येत ठीक ना? ठेवते. खलास. इतकी वर्षं तेवढंच." सिग्नल सुटला, मी गाडी पुढे घेतली. "आई होती तोवर तिला तिकडून निघता आलं नाही. आता येतेय, तर मला भीती वाटते. मागे बसली आणि तिथेही गप्पच राहिली, तर?"

घरी आल्यावर सायकल मी त्यांच्या दारात ठेवली आणि वर आलो.

शैलावहिनी आल्या. त्यांना आम्ही जेवायला बोलावलं. वहिनी गोड हसायच्या आणि काहीही विचारलं की "हो, छान आहे" म्हणायच्या. दोघांच्या वाटचं निकमच बोलत होते. माझ्या बायकोने मला डोळ्याने खुणावलं. मलाही वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गॅलरीत चहा घेत होतो. खाली निकमांनी हिरवी सायकल काढली. वहिनी आधी "अहो, या वयात?" म्हणून हसल्या, मग पदर खोचून मागे बसल्या. निकम कंपाऊंडला फेऱ्या मारू लागले. वहिनी गप्प. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, तरी वहिनी गप्पच. निकमांची मान मात्र मागे कललेली, सगळा जीव कानात. आमचा चहा निवला.

मग पाण्याच्या टाकीपाशी वहिनींचे ओठ हलले. निकमांनी पायडल मारायचं थांबवलं. सायकल आपसूक पुढे जात राहिली, मंदावली आणि थांबली. निकमांनी एक पाय जमिनीला टेकवला. उतरलं मात्र कोणी नाही. वहिनी बोलत होत्या, हातवारे करून बोलत होत्या, आणि निकमांनी मागे वळून पाहिलं नाही. माझी बायको आत निघून गेली. मला वाटतं, तिचे डोळे भरून आले होते. माझे तर आलेच होते.

सकाळी बेल वाजली. दारात निकम, हातात हिरवी सायकल.

"घ्या. तुम्हाला."

"का हो? वहिनींना आवडली नाही?"

"आवडली की. पण विमानात कशी नेणार?" त्यांनी उगाचच वाकडी घंटी वाजवून पाहिली. "म्हणाली, तेव्हा जा म्हणणारी मीच होते. आता मीच म्हणते, पुरे झालं, घरी चला. आजच ऑफिसात सांगून टाकतो."

मला आनंद व्हायला हवा होता, पण खालचं बिऱ्हाड रिकामं होणार हेच आधी मनात आलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "नीट ऐकू आलं ना?"

"तर!" निकम कॅरियरवरची धूळ बाहीने पुसत म्हणाले. "म्हटलं होतं ना तुम्हाला, हिची साखळी मध्ये बोलत नाही."