एनॉकबाबांची बोलती बंद

हिल्डाने ठरवलं, आपल्या घरात यापुढे कुणी 'ब्लायमी' म्हणायचं नाही. 'ड्रॅट'सुद्धा नाही. कुणी म्हणजे अर्थात तिचे वडील, एनॉक. (नवरा जेवणापलीकडे तोंड उघडतच नसे.)

झालं असं, की चॅपेलच्या शिवणमंडळात मिसेस होलरॉइड सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "अगं, 'ब्लायमी' म्हणजे मुळात 'देव मला आंधळं करो'! आणि 'ड्रॅट' म्हणजे 'देव हे कुजवो'. लोकांनी देवाचं नाव तेवढं गिळलं आणि उरलेलं सभ्य म्हणून वापरत बसले."

हिल्डाने लगेच हिशोब मांडला. बाबा चाळीस वर्षं, चहा गरम लागला तरी ब्लायमी म्हणत होते. आणि गेल्याच वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता! (उशिरा का होईना, अर्ज मंजूर झाला होता.) त्यात मांडीवर दोन वर्षांची लेक म्युरिएल, ऐकेल ते उचलणारी.

"बाबा, तो डोळा तुम्ही स्वतःच मागून घेतलात," रविवारी ते नेहमीसारखे चहाला आले, तेव्हा ती बोलून गेली.

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "मी आपला आश्चर्य वाटलं की म्हणायचो गं," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून बोलणंच बंद.

पुढच्या रविवारी बाहेरगावच्या उपदेशकांना चहाला बोलवायची पाळी हिल्डाची होती. हॅमचे काप, केक, ठेवणीतला टेबलक्लॉथ. म्युरिएलने त्याचंच टोक धरून ओढलं. पाहिलं फक्त शेजारी बसलेल्या बाबांनी. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. तोवर किटली उपदेशकांच्या मांडीत. (प्रार्थना त्यांनीच लांबवल्यामुळे चहा गार झाला होता, हे नशीब.)

"अहो बाबा, ओरडायला काय झालं होतं?"

"शब्द शोधत होतो, पोरी. चांगलासा."

सगळे हसले. ओले उपदेशकसुद्धा. बाबा हसले नाहीत. टोपी उचलून गेले ते पुढचे दोन रविवार फिरकलेच नाहीत. दोन्ही वेळा हिल्डाने त्यांचा कप मांडला आणि कोराच उचलला. आई गेल्यापासून म्हाताऱ्याला बोलायला एवढं एकच टेबल होतं, तेही आपण काढून घेतलं.

शेवटी शनिवारी ती त्यांच्या भाजीच्या वाफ्यावर गेली. "बाबा, उद्या या ना. काय वाट्टेल ते बोला."

"आता तोंडात येतच नाही गं. म्हणायला गेलो की डोळा आठवतो."

हिल्डाला रडू कोसळलं. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, देवाची मनातल्या मनात माफी मागितली आणि जन्मात पहिल्यांदा ओरडली, "ब्लायमी! ड्रॅट! ब्लायमी!" एकेक डोळा मिटून पाहिला. "बघा, दोन्हींनी दिसतंय मला!"

बाबांनी टोपी मागे सारली. तोंडाचा कोपरा जरा हलला.

"येतो उद्या," ते म्हणाले. "पण पोरी, तू मात्र हे लोकांत म्हणू नकोस हं. देवाचं मला माहीत नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं, कोंबडी शिंकली."