आप्पा सोडून सर्वानुमते

रेल्वेतून निवृत्त झाल्याबद्दल सखाराम आप्पांचा सत्कार करावा, असा ठराव ग्रामसभेत आला, तेव्हा विरोधात एकच हात वर गेला. तो आप्पांचा होता. ठराव मंजूर झाला. आप्पा उठले, शाल घेतली, नारळ कानाशी हलवून आत पाणी आहे का ते पाहिलं आणि जागेवर जाऊन बसले. जाता जाता मला म्हणाले, "भाऊसाहेब, लिवलं न्हवं? येक विरोधात."

मी त्या गावात नवा ग्रामसेवक होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गाव खुटबावच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून ओळखीची आहेत. ग्रामसभेचं प्रोसिडिंग लिहिणं हे माझं काम. सभा दुपारी असली, तरी प्रोसिडिंग मी सकाळीच लिहून ठेवत असे. त्यात माझं काही चुकत होतं असं मला वाटत नसे, कारण सभेत नवीन काही घडतच नसे. सरपंच विचारायचे, "काय मंडळी, मंजूर का?" मंडळी म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं." मी आधीच लिहिलेलं असायचं, ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’

आप्पा निवृत्त होऊन गावी आले आणि माझ्या वहीत खाडाखोड सुरू झाली.

ते प्रत्येक ठरावाला विरोध करत. शाळेच्या कौलांना विरोध, गटार काढायला विरोध. ज्ञानोबा पाटील वारले, तेव्हा ‘गावास तीव्र दुःख झाले आहे’ या ठरावालाही आप्पांचा हात वर. "समद्या गावाला झालं आसं लिवू नका. आधी त्येच्या भावाला इचारा," म्हणाले. भाऊ समोरच बसला होता, तो रुमालानं तोंड पुसायला लागला. हॉटेलात पाच जणांनी चहा सांगितला, तर आप्पा सहावे म्हणून ‘मला नको’ म्हणत आणि मग प्रत्येकाच्या बशीतला घोटघोट पिऊन जवळजवळ दीड कप संपवत.

एकदा मी वैतागून विचारलं, "आप्पा, तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?"

"दौंडच्या केबिनमदी बत्तीस वर्सं लिव्हर वढलेत म्या," आप्पा म्हणाले. "रुळाच्या सांध्याचा येक पॉइंट नीट बसला न्हाई, तर सिग्नल पडत न्हाई. गाडी हुबी ऱ्हाती. ड्रायव्हर शिट्ट्या मारतो, प्यासिंजर शिव्या घालत्यात. पर कुणीतरी खाली उतरून बघून येतं, खडा अडकलाय का म्हून. तुमच्या सभेत गाडी कवाच हुबी ऱ्हात न्हाई. खडे काय कमी हायेत का गावात?"

मला ते पटलं नाही. पटलं असतं तर काम वाढलं असतं.

मग सार्वजनिक नळाची सभा झाली. नळ एकच मिळणार होता आणि तो देवळापाशी बसवायचा, हे ठरल्यासारखंच होतं. सगळ्यांनी एका दमात होकार दिला. आप्पांचा हात वर. सरपंच चिडले. "आप्पा, तुमचं घर देवळाला लागून हाय. नळ तुमच्या दारात येतोय. मंग इरोध कशापायी?"

"मला काय ठावं? मला तर चांगलंच हाय. पर येवढ्या जनांचं येवढ्या लवकर कदी जमतं का? ह्यात कुणाचं तरी ‘न्हाई’ हाय. भाऊसाहेब, जरा बघून या."

सरपंचांनी सुटका करून घेण्यासाठी मला पाठवलं. दुसऱ्या दिवशी लूना काढून मी देवळापासून सगळ्यांत लांबच्या, कालव्यापलीकडच्या धनगरवस्तीवर गेलो. बायका कालव्याच्या घसरड्या उतारावरून हंडे वर आणत होत्या. त्यांच्यातल्या सखूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "नळ हितं आला तर पाय तरी मोडनार न्हाईत. पर देवळापाशी म्हंत्यात, तर तितं आसू द्या."

"मग सभेत का बोलला नाहीत?"

"आमी मागं हुबंच व्हतो की. मंजूर का म्हनले. समदी मंजूर म्हनली, मंग आमीबी म्हनलो."

मी खजील झालो, हे कबूल करतो. पुढच्या सभेत मी वस्तीची अडचण सांगितली आणि नळ वस्तीवर न्यायचा ठराव झाला. आप्पांचा हात पुन्हा वर! सगळी सभा हसली. सभा सुटल्यावर मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "सखूबाईचं ‘न्हाई’ तुमी सांगितलं. तिनं कुटं सांगितलं? तिचा हात वर झाला आसता, तर म्या माझा खाली घेतला आसता. दुसरा येक हात दिसला की माझं काम संपलं."

मी मात्र आता शहाणा झालो होतो. खाडाखोड नको म्हणून सकाळीच लिहून ठेवू लागलो: ‘ठराव बहुमताने मंजूर. विरोधात एक, सखाराम आप्पा.’ दोन सभा हे झकास चाललं. तिसऱ्या सभेला आप्पा आलेच नाहीत, लेकीकडे शिरूरला गेले होते. सभेत सर्वानुमते ठराव झाला, सरपंचांनी न वाचता सही ठोकली आणि वहीत आप्पांचा विरोध तसाच राहिला.

परत आल्यावर आप्पांनी वही मागितली. ते नेहमी मागत. वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, ओरडतील. ते हळूच म्हणाले, "म्या नसताना माझा हात तुमीच वर केला, भाऊसाहेब."

"चुकलं, आप्पा."

"तुमचंच काय चुकलं? म्याबी ह्येच केलंय." आणि वही मिटून ते बोलू लागले. पत्नी गेल्यापासून ते घरी एकटेच असत, त्यामुळं ऐकणारा मिळाला की सहसा थांबत नसत. त्या दिवशी मात्र वाक्यावाक्याला थांबत होते. "लेकीच्या, शोभीच्या लग्नाची बैठक माझ्याच वसरीत झाली. सोळा जनं व्हते. तिला नर्सिंगला जायाचं व्हतं, पुन्याला. मला ठावं व्हतं. पर पावणे म्हनले मंजूर, भावकी म्हनली मंजूर. म्याबी म्हनलो. मंग आत जाऊन तिला इचारलं. म्हनली, आप्पा, तुम्ही म्हणाल तसं."

"जावई कसा आहे?"

"ब्येस हाय. नाव ठिवायला जागा न्हाई. पर तवापासनं ती मला कशालाच न्हाई म्हनली न्हाई. भाजी कुटली करू, तुम्ही म्हणाल ती. ऱ्हातीस का चार दिस, तुम्ही म्हणाल तसं. बारा वर्सं झाली. येकदा न्हाई म्हन की गं बाई."

त्यानंतर मी प्रोसिडिंग सभेतच लिहू लागलो. हात दुखायचा, पण लिहायचो.

पुढच्या वर्षी माझी बदली पाबळकडे झाली. निरोप घ्यायला आप्पांकडे गेलो, तर शोभाताई माहेरी आल्या होत्या. पदराला हात पुसत दारात आल्या.

"शोभे, भाऊसाहेबांना च्या करतीस का सरबत?"

"तुम्ही म्हणाल ते, आप्पा."

आप्पांचा हात वर गेला. सभेत जायचा तसाच, सरळ.

"ह्ये काय आता?" शोभाताईंनी विचारलं.

"माझा इरोध हाय. बरं, सरबत कर." त्या वळल्या. "न्हाई, च्याच कर." त्या थांबल्या. "थांब, काफी हाय का?" त्या पुन्हा वळल्या. "न्हाईतर सरबतच बरं."

शोभाताई गर्रकन फिरल्या. "आप्पा, म्या आता कायबी करनार न्हाई! सकाळधरनं चुलीपुढं हाय. तुमचं तुमी करून घ्या." आणि आत जाऊन त्यांनी पाट आपटून मांडलेला मला ऐकू आला.

मला तिथून उठावं की बसावं, कळेना. आप्पांचा हात अजून वरच होता. त्यांनी तो सावकाश खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"लिवा, भाऊसाहेब."

"वही नवीन ग्रामसेवकाकडे दिली, आप्पा."

"मंग ध्यानात ठिवा. येक विरोधात."

चहा त्यांनी स्वतः केला. भांडी आपटत, स्टोव्हशी झटापट करत, पण एखाद्या लग्नघरातल्यासारखे खुशीत. कप माझ्या हातात देऊन म्हणाले, "कसा झालाय?"

"फक्कड," मी म्हणालो.

आतून शोभाताईंचा आवाज आला. "फक्कड कशाचा? साखर घालायची इसरलेत त्ये."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. हाताची दोन बोटं वर करून म्हणाले, "दोन."