एकवीस वाती आणि आठ जावा

मी कोणाच्या कामात लुडबूड करत नाही, हे आमच्या मरोदा वस्तीत कोणालाही विचारा. आणि करणार तरी कधी? रोज आंघोळ झाल्यापासून देवापुढची वात शांत होईपर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षांत एकदाही मोडलेलं नव्हतं. आमचे हे न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हासुद्धा मी पूजेची घंटी वाजवून शेजाऱ्यांना बोलावलं.

त्यामुळे आमच्या सुनेने, उन्नतीने, कॉलेजातलं संशोधनाचं यंत्र आठवडाभर घरी आणलं, तेव्हा ते सुरक्षित हाती पडलं होतं, याबद्दल मला तरी शंका नव्हती. तिच्या लॅबमध्ये रंगकाम निघालं होतं, आणि इन्व्हर्टरचा प्लग आमच्याकडे फक्त देवघरात आहे. म्हणून यंत्र देवांच्या शेजारी बसलं. तळहाताएवढी हिरवी पाटी, मधोमध एक काळा चौकोन, आणि बाजूला रेघा काढणारा लॅपटॉप.

"आई, ह्या चिपमध्ये आठ कोर आहेत," उन्नती म्हणाली. "चार मोठे, चार छोटे. जड काम मोठ्यांनी करायचं, हलकं छोट्यांनी. काम नसलं त्यानं झोपून जायचं, म्हणजे वीज वाचते. कोणाले केव्हा उठवायचं ते चिपनं स्वतःच ठरवावं, एवढंच माझं रिसर्च."

"म्हणजे आठ जावा," मी म्हटलं. "चार थोरल्या, चार धाकट्या."

"हाव, तसंच समजा. फक्त ह्या भांडत नाहीत. डोकं तापलं का गुपचूप झोपून जातात."

"आपल्या घरी उलटं आहे," हे म्हणाले. तीस वर्षं पोलाद कारखान्याच्या फर्नेसवर काढल्यामुळे तापलेल्या वस्तूंविषयी ह्यांना फार बोलावंसं वाटतं.

सात दिवसांचे आकडे घेऊन शनिवारी अकरा वाजता उन्नतीला कॉलेजात सगळ्यांसमोर उभं राहायचं होतं. मागच्या वेळी तिला परत पाठवलं होतं. याही वेळी तसंच झालं, तर आणखी एक वर्ष गेलं. पोरीचा घास घशाखाली उतरत नव्हता. मी लुडबूड करत नाही, पण देवाला सांगणं म्हणजे काही लुडबूड नव्हे. मी संकल्प सोडला: सात दिवस, रोज एका वातीऐवजी अकरा. आणि पुण्य थेट पोचावं म्हणून ताट यंत्राच्या अगदी पुढ्यात!

रविवारीच फळ मिळालं. उन्नती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, कमाल हो गया! सकाळी सहाले वीज एकदम तीस टक्के कमी!"

मी मनात हात जोडले. सोमवारी पुन्हा तेच. मग मी कशाला हात आखडता घेते? मंगळवारपासून वाती एकवीस केल्या. बचत पंचेचाळीस टक्क्यांवर गेली. उन्नती पोटभर जेवू लागली. तिचे गाइड नरेश सर मूळचे गोंदियाचे, अगदी कमी बोलणारा माणूस. फोनवर ते एवढंच म्हणाले, "शनिवारी सकाळी सहाले येतो. पाहून घेऊ."

शनिवारी सर आले आणि देवघराच्या उंबऱ्याशी बसले. मी रोज डोळे मिटून वाती लावते असं नाही, पण लावल्यावर मिटते. त्या दिवशी पाहुणे होते, म्हणून उघडेच ठेवले. एकवीस वाती उजळल्या. थोड्या वेळाने पाटीवरचा चौकोन लकाकू लागला आणि लॅपटॉपवरची विजेची रेघ वाकली. मग घसरली. मग दमलेल्या म्हशीसारखी तळाशी बसली.

डोकं तापलं का गुपचूप झोपून जातात.

जावांनी काही ठरवलं नव्हतं, मी त्यांना भाजत होते! आणि उन्नती हेच आकडे घेऊन अकरा वाजता उभी राहणार होती.

बोलावं तर मौन. फुंकर मारून दिवा विझवणं किंवा देवापुढचं पेटतं ताट सरकवणं माझ्याच्याने व्हायचं नाही. मी घंटी वाजवली. हे चहा घेऊन आले. मी जोरात वाजवली. ह्यांनी सरांसाठीही आणला. मी ताटाकडे बोट दाखवलं, यंत्राकडे दाखवलं. सरांनी उठून भक्तिभावाने आरती घेतली.

"आई आशीर्वाद देऊन राहिल्या," उन्नतीने सरांना समजावलं.

"बरं," सर म्हणाले. "उन्नती, अकरा वाजता हेच दाखवशील ना?"

"हो सर. पहिली स्लाइड हीच आहे."

अकरा वर्षं एका बाजूला, पोरीचं एक वर्ष दुसऱ्या बाजूला. मी तोंड उघडलं.

"थोरल्या माझ्या वातींनी झोपल्या."

ह्यांच्या हातून कपबशी पडली. "बेबी बोलली," हे म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहिलं. "सहा वाजून बावीस मिनिटं." उन्नतीने माझे खांदे धरले, "आई, काय झालं तुम्हाले? पाणी देऊ का?" मी काय बोलले, ते कोणाच्याच कानात शिरलं नाही. मौन मोडलंच होतं, म्हणून मग मी सगळं पहिल्या वातीपासून सांगितलं.

उन्नतीने लॅपटॉप पुढ्यात ओढला. सर मात्र शांतपणे चहा पीत होते.

"ताई, सहाले काहीतरी तापून राहिलं हे मले उन्नतीनं पाठवलेल्या आकड्यांत मंगळवारीच दिसलं. वीज वाचली, पण कामही तेवढंच कमी झालं. उन्नती, तू विजेचाच रकाना पाहिला, कामाचा नाही. आता सहा ते सात वेगळं काढ, न् बाहेरून ताप आला तर चिप कशी वागते म्हणून दाखव. बाकीच्या तासांत बारा टक्के खरे आहेत. तेवढे पुरतात."

पुरले. दुपारी उन्नती पेढे घेऊनच आली.

पण त्या सकाळी सर निघाले, तेव्हा मी त्यांना दाराशी गाठलं. "सर, तुम्हाले माहीत होतं, मग आल्या आल्या कावून नाही सांगितलं?"

सरांनी हात जोडले. "सांगणारच होतो, ताई. म्हटलं, वाती शांत होऊ द्या. तुमचं मौन मोडायले नको."

आज माझ्या नव्या मौनाचा चौथा दिवस आहे. लिहायला ते आड येत नाही, म्हणून लिहिलं.