उजव्या पायाचा ब्रेक

"थांब म्हटलं की थांबणार, ये म्हटलं की येणार. आठ दिवसांत!" मास्तरांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. मास्तरांनी बत्तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. शिकाऊ माणसाशेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर भिस्त ठेवायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हा त्यांचा धंदा. त्यापुढे एक कुत्रा म्हणजे किस झाड की पत्ती!

कुत्र्याचं नाव भोपू. महिन्याभरात तो मैदानाच्या फाटकातून दोनदा थेट रस्त्यावर गेला होता आणि दोन्ही वेळा ट्रकवाल्यांनी मास्तरांच्या खानदानाचा उद्धार केला होता.

"सकाळी त्याला फिरवते मी," बाई म्हणाल्या. "तेव्हा रविवारी हाक मी मारणार. थांबला तर राहील. नाही थांबला तर ताईकडे. तिच्या अंगणाला कुंपण आहे."

"कुंपण विकून टाका म्हणावं ताईंना!"

शिकवणी सुरू झाली. मास्तर "थांब!" म्हणून गरजले की भोपू जागच्या जागी खिळायचा. "ये!" म्हटलं की धावत यायचा आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा खायचा. चौथ्या दिवसापासून तर अंडं नसलं तरी चुकेना.

रविवारी मास्तर फाटकाजवळच्या बाकावर पायावर पाय टाकून, चहाचा पेला घेऊन बसले. "मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

बाईंनी पट्टा सोडला. फाटकापलीकडे मांजर होतं.

"थांब!"

भोपू सुसाट.

"थांब रे! थांब मेल्या!"

ट्रकचा हॉर्न वाजला.  मास्तरांचा चहा धोतरभर सांडला आणि उजवा पाय आपोआप धाडकन जमिनीवर बसला.

भोपू फाटकातच खिळला. ट्रक निघून गेला. मास्तरांनी श्वास सोडत पाय उचलला, तसा भोपू शेपूट हलवत आला आणि त्यांच्या बुटाकडे टक लावून बसला.

बाईही बुटाकडेच बघत होत्या. "रोज पाय आपटत होतात?"

"मी? छे!" मास्तरांनी पाय बाकाखाली ओढला. मग त्यांचा आवाज उतरला. "थांबायचं नाही शिकला गं तो. ब्रेक शिकला. कर ताईंना फोन."

बाईंनी फाटक लावलं आणि भोपूला पुन्हा सोडलं. तो दहा पावलं गेला असेल नसेल, त्यांनी उजवी चप्पल दाणकन आपटली. भोपू खिळला. चप्पल उचलली, भोपू हजर.

"हे तू कुठे शिकलीस?"

"तुमच्या शेजारच्या सीटवर. अठ्ठावीस वर्षं जीव मुठीत धरून नसलेला ब्रेक दाबतेय आणि तुम्ही हसताय," बाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदा लागला."