पायपुसण्यावरची बाग

बायको अंघोळीला गेल्याची संधी साधून मास्तरांनी पाहुण्यांच्या खोलीतली काथ्याची गादी उसवली. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, त्यामुळे कात्री चालवतानासुद्धा चेहऱ्यावर प्रयोगशाळेतला भाव.

"अहो! हे काय आरंभलंय?" अंघोळ आटोपून बायको दारात उभी होती.

"काथ्या काढतोय. पेरणीसाठी पर्यावरणपूरक माध्यम! दलदली खणून काढलेली ती पीट माती या घरात येणार नाही."

"आणि गादी?"

"तिचा पुनर्वापर."

बायकोने गादीवर पाणी सोडलं. बिया तिच्या होत्या ना! तिच्या ब्रोमेलियाडला, म्हणजे अननसाच्या भाऊबंदांतल्या त्या शोभेच्या झाडाला, कित्येक वर्षांनी एकदाच फूल आलं आणि झाड सुकत गेलं. मागे उरल्या या चिमूटभर बिया. "जपून हं," म्हणत तिने पुडी त्यांच्या हाती दिली होती. "तू निर्धास्त राहा," मास्तर म्हणाले. आपण असं म्हटलं की घरात काहीतरी फुटतंच, हे त्यांनाही ठाऊक होतं.

काथ्या त्यांनी कुकरमध्ये उकडला. घरभर ओल्या घोंगडीचा वास सुटला. मग तो ट्रेमध्ये पसरून ते बाल्कनीच्या दारापाशी पेरायला बसले. या बियांना रुईच्या म्हातारीसारखे केस असतात. त्या वर नुसत्या ठेवायच्या, झाकायच्या नाहीत. पुडी उघडली आणि मेहुणा आत आला.

"काय उकडतंय हो भाऊजी!" म्हणत त्याने पंखा लावला.

बिया उडाल्या. मास्तर हवेत टाळ्या वाजवत खोलीभर नाचले. हाती लागल्या त्या नखभर.

"ताईला बोलू नकोस."

"छे! तोंडाला कुलूप."

मग रोज सकाळी बायको विचारायची, "उगवलं?" आणि मास्तर म्हणायचे, "येतंय, येतंय." ट्रेमध्ये बुरशी तेवढी आली. बिया का उगवत नाहीत, ते फार उशिरा आठवलं. ढेकूण झाले म्हणून त्या गादीवर औषध फवारलं होतं. फवारणारे तेच. त्यात बाल्कनीच्या दारातलं पायपुसणं कुठेतरी गायब झालं होतं, त्यामुळे फरशीवर उमटणाऱ्या पावलांबद्दलची बोलणीही तेच खात होते.

शेवटी त्यांना राहवेना. "अगं, तुझ्या बिया मी घालवल्या. मी मूर्ख आहे."

"काही नवीन सांगा," म्हणत ती त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीशी घेऊन गेली. तिथे बाहेरच्या कठड्यावर तेच हरवलेलं काथ्याचं पायपुसणं पसरलेलं होतं, आणि त्यावर बारीक हिरवे कोंब!

"भावाने त्याच दिवशी सांगितलं. उडालेल्या बिया यावर चिकटल्या होत्या. उचलून इथे ठेवलं, रोज पाणी शिंपडलं."

मास्तरांचे डोळे भरून आले. "मग मला रोज का विचारायचीस?"

"किती दिवस थापा मारताय ते बघत होते."

एवढ्यात शेजारीण डोकावली. "अय्या, उगवलं की! मास्तर, माध्यम कसं तयार केलंत?"

मास्तरांनी सवयीने घसा खाकरला, मग बायकोकडे पाहिलं.

"सोपं आहे. वर्षभर त्यावर पाय पुसायचे. मग घरातल्या जाणकाराला त्याच्यापासून लांब ठेवायचं."