कॅप्टनसाहेबांचा दौंडातला सत्कार

"रेल्वेचं मला नका सांगू! दौंड टेसन म्हंजी माझा तळहात हाय, तळहात!"

हौसराव कोळपे असं म्हणाले तेव्हा न्हावऱ्याजवळच्या सबंध कोळपेवस्तीनं माना डोलावल्या. न डोलावून सांगतात कुणाला? शिरूर तालुक्यात रेल्वेचा रूळ औषधालासुद्धा सापडत नाही. तिथं जो माणूस आयुष्यात दोनदा दौंडहून कुर्डुवाडीला जाऊन आला, तो रेल्वेमंत्र्याच्या खालोखालच!

विषय होता पुतण्याच्या सत्काराचा. आणि पुतण्या तरी कसा? ज्या घरच्या गेणबाआबांनी उमेदीची वर्षं मेंढरांमागं रान तुडवण्यात घालवली, त्या घरचा हा मल्हार सैनिक शाळेतून खडकवासल्याच्या प्रबोधिनीत गेला, तिथून डेहराडूनला गेला आणि खांद्यावर तारे लावूनच बाहेर पडला. आता कॅप्टन होता, झाशीला. वर हॉकीचा गोलकीपर! दोन हजार पाच साली खेळाडूंना करारावर घेणारी हॉकीची लीग निघाली, तेव्हा एका संघानं मल्हारला उचललं. खडकवासल्याला त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या आणि आता झाशीलाच असलेल्या कॅप्टन बिष्टलाही घेतलं.

मल्हारच्या कर्नलसाहेबांनी परवानगी दिली, पण अट घातली. रविवारी खुशाल खेळा, मंगळवारी सकाळी परेडला हजर पाहिजे. एकदा जरी उशीर झाला, तर खेळ बंद! त्यामुळं आठवडाभर जवानांबरोबर धावायचं, फायरिंग घ्यायचं, पहाटे सगळे घोरत असताना भिंतीवर चेंडू मारून तोच अडवत बसायचं. रविवारी दगडासारखे चेंडू अंगावर घ्यायचे आणि रात्री गाडीच्या बाकावर झोपायचं. दोन सासवांची एक सून नांदावी तसं पोरगं नांदत होतं, आणि दोघींपैकी एकीचीही तक्रार नव्हती!

तर त्या रविवारी बेंगलोरला मॅच जिंकून मल्हार दिल्लीच्या गाडीनं झाशीला निघाला होता. गाडी सोमवारी सकाळी दौंडला येणार होती.

"गाडी थांबती तेवढ्यात सत्कार उरकायचा," हौसरावांनी जाहीर केलं.

"आवं, पण गाडी सुटली तर?" त्यांच्या मंडळी सिंधूबाईंनी विचारलं.

"मी असताना?"

या प्रश्नाला सिंधूबाईंकडे उत्तर होतं, पण चारचौघांत त्या बोलल्या नाहीत.

सोमवारी भैरूच्या कमांडर जीपमध्ये अख्खी वस्ती भरली. पुढं गेणबाआबा, मागं बायका, टपावर हलगीवाले आणि पायरीवर लोंबकळणारे वेगळेच. गाडी कसली, कणीस होतं ते! दौंडच्या स्टेशनमास्तरांनी हलगी बघितली आणि फलाटावर पाऊल टाकायला मनाई केली. मग सत्कार स्टेशनबाहेर लिंबाखाली ठरला. हौसराव तेवढे फलाटावर गेले.

गाडी आली. मल्हार दारातच उभा होता. उंचापुरा, हसरा, डाव्या भुवईवर ताजी खोक. खांद्यावर गोलकीपरची ही थोरली पिशवी. मागून बिष्ट म्हणाला, "जा, बाकीचं सामान मी बघतो."

"तात्या, गाडी थोडाच वेळ थांबते हां," मल्हार पाया पडता पडता म्हणाला.

तेवढ्यात हौसरावांनी बघितलं, की गाडीचं इंजिन सुटलं आणि एकटंच पुढं निघून गेलं!

त्यांचा चेहरा उजळला. "बघ! इंजिनच काढलं! बिघाड झाला असंल. आता घंटाभर हलत न्हाई. बैल सोडल्यावर गाडी जातीय का कुठं?"

मल्हारला शंका आली, पण झाशीहून यायचा तेव्हा तो दौंडलाच उतरायचा. पुढं गाडीचं काय होतं, हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. बेंगलोरला जातानाही संघानं विमानानं नेलेलं. शिवाय सख्खा चुलता, तोही तळहातवाला!

"लक्ष ठेवा, तात्या."

"डोळ्यात तेल घालून! इंजिन जिथनं सुटलं तिथंच उभा ऱ्हातो. परत जोडाया लागले की हाक मारतो. तवर तू फेटा बांधून घे."

मल्हार रुळांवरच्या दादऱ्यावरून पलीकडं गेला. हलगी कडाडली! बायकांनी ओवाळलं, फेटा चढला, गळ्यात हार पडले. मग गेणबाआबांनी काठी आपटली.

"ह्ये सगळं ऱ्हाऊ द्या. पोरा, तू त्यो चेंडू कसा आडवतो? लागत न्हाई का तुला?"

आबांची इच्छा म्हणजे आज्ञाच. मल्हारनं पिशवी उघडली आणि गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी जाड पॅड पायांना चढवली. छातीला चिलखत बांधलं. कापसाच्या गठ्ठ्यावर फेटा ठेवावा तसा दिसू लागला! आबांनी पुढं होऊन काठीनं पॅडवर टोला हाणला.

"लागलं?"

"न्हाई, आबा."

आणखी जोरात हाणला. "आता?"

"न्हाई."

"आन् हितं?" आबांनी भुवईच्या खोकेवर अलगद बोट ठेवलं.

मल्हार हसला. "हितं लागलं. पण गोल झाला न्हाई."

आबांनी नातवाच्या गालावरून हात फिरवला आणि धोतराच्या सोग्यानं स्वतःचं नाक पुसलं.

इकडं हौसराव फलाटाच्या टोकाला खांबासारखे उभे होते. नजर रुळावर. पापणी हलेना! इंजिन मात्र शेजारच्या रुळावरून डब्यांच्या कडेनं गेलं आणि गाडीच्या शेपटाला जाऊन गुपचूप जोडलं गेलं. सोलापूरकडून आलेली गाडी नगरकडं न्यायची तर दौंडात इंजिन दुसऱ्या तोंडाला लावावं लागतं, हे स्टेशनवरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पण कुत्र्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शिट्टी झाली. हौसराव जागचे हलले नाहीत. इंजिनच नाही तर शिट्टीला काय भ्यायचं? मग त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी हलली आणि त्यांच्यापासून लांब जायला लागली!

"आरं! गाडी उलटी चालली! ड्रायव्हर चुकला! थांबवा!"

हाक ऐकून मल्हार निघाला, तो फेट्यासकट आणि पॅडसकट! दादऱ्याच्या पायऱ्या तो तीन-तीन करत चढला आणि धपाधप उतरला. लोक भिंतीला चिकटले. एका म्हातारीनं तर हात जोडले. गाडीनं अजून वेग धरला नव्हता. शेवटच्या डब्याचं दार चार पावलांवर आलं. दांडा हाताशी होता!

आणि तेवढ्यात त्या डब्यामागं ओरडत धावणाऱ्या हौसरावांचा पाय त्यांच्याच धोतरात अडकला. ते कोलमडले ते थेट फलाटाच्या कडेला. एक हात वर, एक हात खाली, आणि शेजारून चाकं फिरतायत!

मल्हारनं दांड्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं अंग झोकून दिलं. आडवा, लांबलचक, पॅड घासत गेला आणि चुलत्याला कमरेला धरून आत ओढलं. दोघं गडगडत चहाच्या गाड्यापाशी थांबले.

डोळे उघडले तेव्हा हौसरावांना दोन गोष्टी कळल्या. आपण जिवंत आहोत आणि गाडी गेली.

"लागलं का, तात्या?" मल्हारनं विचारलं.

हौसरावांनी रिकाम्या रुळाकडं बघितलं. पोराची गाडी गेली. परेड गेली. खेळ गेला. आपण सत्कार केला की सत्यानाश?

"म... मी करतो कर्नलसाहेबाला फोन! सांगतो, आजा लई शिरेस हाय!"

"तात्या, आबा बाहेर उभं राहून भेळ खात्यात."

"मग सांगतो, गाडीच रद्द झाली!"

"न्हाई." मल्हारनं फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला, कारण त्यांची टोपी रुळावर पडली होती. "फोन मीच करतो."

एसटीडी बूथमध्ये मल्हार पॅडसकट मावेना, म्हणून दार उघडं ठेवावं लागलं. हौसराव दाराशी कान टवकारून उभे होते. मल्हार ताठ उभा राहून म्हणाला, गाडी चुकली, चूक माझी आहे. चुलत्याचं नाव नाही, इंजिनाचं नाव नाही! पलीकडचा आवाज मात्र बाहेरपर्यंत आला.

"ट्रेन पकडो! वरना संडे का मैच भूल जाओ!"

"तुझी कुठं चूक?" हौसराव म्हणाले. "माझं नाव सांगायचं की!"

"गाडी मला पकडायची होती, तात्या. तुम्हांला न्हाई."

एवढं बोलून तो जीपकडं पळाला. "भैरू, गाडीच्या आधी नगर गाठायचं!"

भैरू म्हणाला, "बसा!" चुकलंच त्याचं. वस्ती आधीच बसली होती! खाली उतरायला कुणी तयार होईना. सत्कार अर्धा टाकून जायचं कसं? मग भीमेच्या पुलावरून जीप निघाली ती वऱ्हाडासारखी. मल्हार पुढं, मांडीवर पिशवी. पॅड सोडायला वाकायची जागा नव्हती. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. भैरू हॉर्न वाजवायचा, टपावरची हलगी त्याच्यावर वाजायची! एकेक ट्रॅक्टरवाला घाबरून बाजूला व्हायचा.

आणि काष्टीच्या पुढं रेल्वेचं फाटक लागलं. बंद!

"ह्या फाटकाला आत्ताच मुहूर्त लागला का?" सिंधूबाई ओरडल्या.

बघतात तो काय, आपलीच गाडी! डबे एकामागून एक समोरून चालले. दारात बिष्ट उभा होता. त्यानं मल्हारला बघितलं, हार बघितले, पॅड बघितली आणि कडक सॅल्यूट ठोकला! सगळी वस्ती हताश झाली. पण गाडी मंद होत गेली, कण्हली आणि थांबली. समोरून येणाऱ्या गाडीसाठी पुढचा सिग्नल लाल होता. शेवटचा डबा फाटकातच उभा!

"पळ!" सगळे एकदम ओरडले.

मल्हार उतरला, पण डब्यावर झेपावला नाही. आधी गार्डासमोर उभा राहिला. "साहेब, माझं तिकीट ह्याच गाडीचं हाय. दौंडला चुकली. चढू का?"

गार्डानं त्याला खालून वर आणि वरून खाली न्याहाळलं. "आधी त्या पायांतल्या गाद्या काढा. मग चढा, चटकन!"

चार जणांनी चार पट्टे ओढले. सिंधूबाईंनी भाकरी-ठेच्याचा डबा खिडकीतून आत दिला. मल्हार शेजारच्या डब्यात चढला. हौसराव पिशवी द्यायला पायऱ्या चढून आत गेले. पिशवी दारात अडकली. ते तिला आत ओढत राहिले, आणि सिग्नल हिरवा झाला.

फाटकापाशी उभ्या वस्तीनं टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या हळूहळू थांबल्या. "आवं, आमचं ह्ये कुठंयत?" सिंधूबाईंनी विचारलं.

हौसराव फेटा बांधून नगरकडं निघाले होते!

डब्यात ते बाकाच्या कडेवर अंग चोरून बसले. समोर मल्हार भाकरी खात होता. कोपरं सोलून निघालेली, हाताला खरचटलेलं. उद्या परेड, परवा सराव, रविवारी पुन्हा चेंडू अंगावर. आणि हा ठेच्याचं कौतुक करत होता!

"मल्हारी," हौसराव शेवटी म्हणाले, "तू मला सोडून दांडा का न्हाई धरला?"

"गोलकीपरला दांडा दिसत न्हाई, तात्या. गोलाकडं काय चाललंय तेवढंच दिसतं."

हौसरावांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. डोळ्यांत कोळसा गेला म्हणाले. गाडीचं इंजिन डिझेलचं होतं.

नगरला मल्हारनं त्यांचं तिकीट आणि दंड भरला, त्यांना एसटी स्टँडच्या रिक्षात बसवण्याची एका हमालाला विनंती केली आणि धावत जाऊन गाडी पकडली.

बुधवारी न्हावऱ्याच्या टपरीवर फोन आला. मल्हार वेळेवर पोचला होता. परेड झाली होती. रविवारी खेळायची परवानगीही मिळाली होती!

"मंग? कर्नलसाहेब काय म्हणलं?" हौसरावांनी घाबरतच विचारलं.

"मी काही बोललो न्हवतो, तात्या. बिष्टनं सगळं सांगून टाकलं. साहेब लई हसले. त्यांनी तुमचं नाव विचारून घेतलं आन् नवीन अट घातली. ह्यापुढं मी दौंडवरनं जाणारी गाडी धरायची न्हाई!"

संध्याकाळी पारावर हौसराव ताठ मानेनं बसले होते. "खुद्द कर्नलसाहेबानं माझं नाव विचारलं बरं का!" ते जो भेटेल त्याला सांगत होते.

कशासाठी विचारलं, ते मात्र त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.